फुंकर

धनकवडीच्या आमच्या सोसायटीत
रविवारी पहिला आवाज जॅकचा.
भाऊंची फियाट, राखी रंगाची,
डावं मागचं चाक उचललेलं,
खाली दोन विटा, आणि तिसरी मनाच्या समाधानासाठी.

भाऊ म्हणजे ताकही फुंकून पिणारा माणूस.
गॅसचा कॉक दोनदा बघायचे.
लाइट बिलाच्या बावीस वर्षांच्या पावत्या तारेत ओवलेल्या.
कात्रजचा घाट उतरताना गाडी कायम दुसऱ्या गियरमध्ये.
म्हणूनच ब्रेकचं काम स्वतः करायचे.
"गॅरेजवाल्याच्या भरवशावर
मी माझी माणसं घाटात नेणार नाही."

ड्रम सहजी निघायचा नाही.
लाकडी ठोकळा धरायचं काम माझं.
तीन ठोके, चौथ्याला टण्ण,
आणि तो हातात यायचा, जड, पातेल्यासारखा,
आत मूठभर काळी भुकटी
मिसरीइतकी मऊ.
भाऊ वाकायचे, डोळे मिटायचे
(डोळे मिटायचे, हे मला पक्कं आठवतं,
डोळ्यांची काळजी घ्यायचे)
आणि फूऽऽ.

पार्किंगच्या खांबांमधून तिरपं ऊन यायचं.
त्यात ती भुकटी किती वेळ तरंगायची,
खाली यायची घाई नसल्यासारखी.
मी सात वर्षांची. मला ते फार छान दिसायचं.

नाना पेठेतले रझाक तांबोळी
लायनिंग कागदात बांधता बांधता एकदा म्हणाले,
"साहेब, फुंकू नका. ओल्या फडक्यानं टिपून घ्या.
आमचे वडील…"
पुढचं वाक्य सुतळीबरोबर तोडलं.
भाऊंनी मान हलवली.
पुण्यात सल्ला द्यायचा असतो,
घ्यायचा कुठे असतो.

सोमवारी आई गॅलरीत उभी.
भाऊंचा रविवारचा शर्ट भिजवण्याआधी
कठड्यावर दोन फटके, झटक्यात,
साबण कमी लागावा म्हणून.
ती कधी स्टिअरिंगला शिवली नाही.
गाडीतलं तिचं एवढंच:
मागच्या सीटवरचा टॉवेल.

आता चौतीस वर्षांनी
नळी तिच्या तोंडात, नाकाला चिमटा,
आणि तो मुलगा ओरडतोय,
"फुंका आजी, फुंका, अजून, अजून, सोडू नका!"
पडद्यावरची रेघ चढते,
आणि अर्ध्यातच मान टाकते.

डॉक्टरीणबाई विचारतात,
घरात कोणी कारखान्यात?
नाही, हे बँकेत होते.
चूल? लहानपणी.
कबुतरं येतात?
व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहून झालेलं.
मग मी सांगते. ड्रम, भुकटी, शर्ट, दोन फटके.
त्यांचं पेन थांबतं.
"तेव्हाच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.
त्यामुळे असू शकेल. आणखी तपासण्या करू.
पण आज नक्की सांगता येणार नाही."

शेजारच्या खुर्चीवर भाऊ.
कानाचं यंत्र घरी विसरलेले.
"काय म्हणाल्या?"
आई माझ्याकडे बघते. तिला सगळं ऐकू येतं.
"कबुतरं, भाऊ," मी म्हणते,
"कबुतरांमुळे म्हणाल्या."

दुसऱ्याच दिवशी एक्याऐंशी वर्षांचे भाऊ स्टुलावर.
गॅलरीला जाळी, दर वीतभर तारेची गाठ,
एक जास्तीची, मनाच्या समाधानासाठी.
आई आत बसून बघते
आणि काहीच बोलत नाही.

कठड्यावर वाळलेली शीट, पांढरी, भुसभुशीत.
भाऊ वाकतात.
डोळे मिटतात.
गाल फुगतात.

"भाऊ!" मी एवढ्या जोरात ओरडते
की खालचा वॉचमन वर बघतो.
ओलं फडकं त्यांच्या हातात कोंबते.

"अगं, एवढीशी तर धूळ,"
म्हणतात, चिडून,
आणि पुसू लागतात.
फडकं घडी बदलून, कोपऱ्याकोपऱ्यातून,
ब्रेक पुसावेत तसं.